दारावरची तारीख

आबा, सगळ्या तालुक्याला तुम्ही तारीख तोंडानं म्हणायला लावलीत. केंदूरच्या आंधळ्या म्हातारीला लावलीत, दारू पिऊन बाजेवर पडलेल्या माणसाला उठवून, तोंडावर पाणी मारून लावलीत, आणि पोटच्या पोरीच्या वेळेला नुसतं "तारीख वाच" म्हणून पाठ फिरवलीत. पंचवीस वर्षं मी हेच बोलत आले. धाकट्या भावापाशी बोलले, चर्चच्या पाळकसाहेबांपाशी बोलले, माझ्या मेसमध्ये जेवायला येणाऱ्या पोरांपाशी बोलले, त्यांतल्या निम्म्यांना तर मराठीसुद्धा कळत नाही. माझा बाप कोर्टात बेलीफ होता, त्यानं माझ्यावर समन्स बजावलं, मी घेतलं नाही तर आमच्याच दारावर चिकटवलं, आणि तारीख काय ती सांगितली नाही, म्हणून माझं घर गेलं. एवढं एका दमात म्हणते आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघते. सगळे च् च् करतात. तुम्ही गेलात तरी माझं हे म्हणणं थांबलं नाही. आज लिहायला बसले ते च् च् करून घ्यायला नाही. मला तुमच्याकडून एक उत्तर पाहिजे आणि ते गुरुवारच्या आत पाहिजे. पण आधी माझं सगळं ऐका. तुम्ही होतात तेव्हा आपण दोघांनी एकमेकांचं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही.

आई गेली तेव्हा मी तिसरीत होते. शाळा सुटली ती सुटलीच. धाकट्याला कडेवर घ्यायचं, भाकरी थापायच्या, आणि सोमवारी सकाळी तुमची खळ शिजवायची. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद, दारावर लावलेला कागद झुरळांनी खाऊ नये म्हणून. मोरचुदाला मला हात लावू द्यायचा नाहीत, विष आहे म्हणायचात, ते तुम्ही स्वतः टाकायचात. ढवळायचं काम माझं. एखादी गुठळी राहिली की बोटावर घेऊन मला दाखवायचात. "कोर्टाचा कागद हाय हा, पतंग न्हाई." मग ती खळ पत्र्याच्या डबीत भरायची, झाकणाला दोरा बांधायचा, आणि डबी खाकी पिशवीत, कागदांच्या शेजारी. मला कितीतरी वर्षं वाटायचं की बेलीफ म्हणजे दारांना खळ लावत हिंडणारा माणूस. त्याचा पगार कशाचा देतात हे कोडंच होतं.

केंदूरला नेलंत तो दिवस मला अजून दिसतो. धाकट्याला शेजारणीकडं ठेवलं होतं. एसटीतून उतरून आपण बांधाबांधानं चाललोय, ऊन मरणाचं, तुमच्या खांद्याला पिशवी आणि मिलिटरीवाल्यांची असते तसली पाण्याची बाटली. एका म्हातारीचं घर. पुतण्यानं तिच्यावर वाटेच्या जमिनीचा दावा घातलेला. म्हातारीला दिसत नाही. ती आवाजाच्या अंदाजानं तांब्या पुढं करते, तुम्ही हात लावत नाही. मला तहान लागलीय, मी हात पुढं करते, तर तुम्ही माझा हात धरून खाली घेता आणि बाटलीतलं पाणी मला देता. मग उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून अख्खा कागद मोठ्यानं वाचता. वाचून झाल्यावर म्हणता, "आजी, आता तुम्ही सांगा मला. कवा यायचं कोर्टात?" म्हातारी म्हणते, बाजारच्या दिवशी. तुम्ही म्हणता, न्हाई. पुन्हा वाचता. ती पुन्हा चुकते. तिसऱ्या वेळी बरोबर सांगते, तेव्हा कुठं तुम्ही तिचा अंगठा शाईत बुडवता. परतीच्या वाटेवर मी विचारलं, एवढा वेळ कशाला घालवायचा, अंगठा घ्यायचा आणि निघायचं. तुम्ही चालता चालता म्हणालात, "कागद काय, कुणीबी पोचवंल. तारीख माणसाच्या तोंडात गेली म्हंजी बजावणी झाली. ती म्हातारी त्या दिवशी आली न्हाई तर तिच्या वतीनं तिथं भिंतसुद्धा बोलत न्हाई. समोरचा म्हणंल तेच खरं धरत्यात." मी आठ-नऊ वर्षांची होते. मला त्यातलं बाटलीचं पाणीच तेवढं लक्षात राहिलं. ते फडक्यात गुंडाळूनसुद्धा गरम झालं होतं.

आता माझा दिवस. कोरेगाव भीमाला हायवेच्या कडेला आमच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत नवऱ्याचं पंक्चरचं दुकान. ट्रकनं नवरा गेला. दिरानं महिनाभर चांगुलपणा केला, मग चांगुलपणा संपला. मी तीन वर्षांची पोर घेऊन शिरूरला तुमच्याकडं आले. पाच-सहा महिने झाले असतील. दुपारी मी चुलीपुढं होते आणि बाहेरून कोणीतरी माझं पूर्ण नाव घेतलं. नवऱ्याच्या नावासकट, सासरच्या आडनावासकट. आवाज तुमचा. मला हसू आलं. म्हटलं आबांना उन्हाचं काही झालं का काय. दारात आले तर तुम्ही अंगावर कामाचे कपडे, काखेत पिशवी, उंबऱ्याच्या बाहेर, स्वतःच्या घराच्या उंबऱ्याच्या बाहेर उभे. तुमच्या मागं शेजारचा शिंपी आणि गिरणीवाला, दोघं पायाकडं बघत. ते पंच होते हे मला नंतर कळलं. तुम्ही वाचायला सुरुवात केली. दिरानं दावा घातला होता की त्या दोन खोल्यांत माझा काही हक्क नाही. मी विचारलं, हे तुमच्या पिशवीतून आलं? तुम्ही म्हणालात, सही कर. मी म्हणाले, नाही करत. "मग चिकटवावं लागंल." चिकटवा म्हणाले. मला वाटलं नव्हतं तुम्ही चिकटवाल.

तुम्ही डबी उघडलीत. आबा, ती त्या दिवशी सकाळी मी शिजवलेली खळ होती. तुम्ही दार हातानं पुसलंत, चार बोटांनी खळ सारखी केलीत, कागद लावलात, वरून तळहात फिरवलात. एक सुरकुती ठेवली नाहीत. पंचांनी सह्या केल्या. तुम्ही मला म्हणालात, "तारीख वाच," आणि वळून चालायला लागलात. मी तो कागद ओला होता तोवरच ओरबाडून काढला. संध्याकाळी तुम्ही त्याच दारातून आत आलात, पिशवी खिळ्याला अडकवलीत, हात धुऊन पाटावर बसलात. मी तुमच्या ताटात भाकरीच्या जागी कागदाचे तुकडे वाढले. तुम्ही एक एक तुकडा वेचून खिशात घातलात, ताट विहिरीवर नेऊन स्वतः धुतलंत, आणि न जेवता झोपलात. मी तुम्हाला हाक मारली नाही.

त्यानंतर आपण बोललोच नाही म्हटलं तरी चालेल. एकदा फक्त तुम्ही संध्याकाळी चुलीजवळ येऊन म्हणालात, उद्या माझ्याबरोबर चल. कुठं ते म्हणाला नाहीत, कशाला ते म्हणाला नाहीत. हे मी लोकांना सांगत नाही, पण तुम्हाला काय लपवायचं. मी म्हणाले, तुमच्याबरोबर मी तुमच्या मयतीलासुद्धा येणार नाही. तुम्ही मान हलवलीत, जसं काही मी भाजीत मीठ जास्त झालंय असं सांगितलं होतं. त्या तारखेला मी गेले नाही, पुढच्याला गेले नाही, आणि निकाल एकतर्फी लागला. त्या म्हातारीबद्दल म्हणाला होतात तसंच झालं, माझ्या वतीनं भिंत बोलली नाही. एकतर्फी झाल्यावरही महिनाभरात अर्ज देता येतो म्हणे, आता वकील सांगतो. तेव्हा तुम्ही सांगायला आला असाल. तुम्ही आलात की मी पोरीला उचलून परसात जायची. मग तुमची दौंडला बदली झाली आणि तुम्ही अंधारात उठून पहिल्या एसटीनं जायला लागलात, रात्री परत. मला वाटलं माझ्या तोंडाला कंटाळून बदली मागून घेतलीत. बरं झालं म्हटलं. मीही पोर घेऊन परत कोरेगावच्या बाजूला गेले, पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि कंपनीतल्या पोरांना जेवायला घालायला लागले. आज तीच मेस आहे. "दीदी, और एक रोटी" ऐकत पोरगी वाढली, शिकली, लग्न होऊन गेली. तुम्हाला तुमची भाकरी धाकटा थापून द्यायचा.

आणि तुम्ही गेलात तेही नोकरीवरच. खुटबावला एका ओट्यावर कागद वाचता वाचता खाली बसलात ते उठलाच नाहीत. त्या घरची बाई मातीला आली होती. ती म्हणाली, त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं, ते प्यायले. तिला वाटत होतं आपण चांगली गोष्ट सांगतोय. चांगलीच होती. पण मला माहीत होतं की आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही ज्याला कागद द्यायला गेलात त्याच्या घरचं पाणी प्यायलात. मी म्हणाले होते मयतीला येणार नाही, तरी आले. पण सगळे मूठ मूठ माती टाकत होते तेव्हा मी मागंच उभी राहिले. धाकट्यानं वळून दोनदा बघितलं. मी चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मला ठाऊक आहे, उत्तर कशाचं पाहिजे ते सांग. सांगते. धाकटा शिरूरचं घर विकायला निघालाय. तुमचं घर, ज्याचं दार मी सांगतेय ते. मला विचारलं नाही. मी फोन केला तर म्हणाला, तू मयतीला पाहुण्यासारखी आलीस, आता वाटा कसला मागतेस. मी पण ऐकून घेणारी नाही. माझी पोरगी आता तिच्या घरी, मेसची शेड भाड्याची, उद्या हात चालेनासे झाले की मी कुठं जायचं? एक घर मी न जाऊन घालवलं, दुसरं घालवणार नाही. वकील गाठला आणि वाटणीचा दावा टाकला. लेकीचा हक्क आहे, कायदा आहे, भीक मागत नाही मी.

पण बेलीफ कसा लावायचा असतो हे बेलिफाच्या पोरीलाच माहीत नव्हतं. मला वाटायचं जाऊन सांगायचं, चला हो, आमच्या भावाला एवढा कागद देऊन या. तसं नसतं. बेलीफ आपला नसतो, कोर्टाचा असतो. वकिलानं दाव्याच्या नकला जोडायच्या, प्रोसेस फी भरायची, मग कागद नाझरसाहेबांच्या, म्हणजे बेलिफांच्या वरच्या साहेबांच्या, टेबलावर जातो, रजिस्टरला चढतो, आणि ज्या भागातलं घर त्या भागाचा बेलीफ तो घेऊन निघतो. आपण पत्ता नीट द्यायचा, एवढंच आपल्या हातात. माझ्या वकिलानं गल्लीचं नाव टाकलं आणि झालं. गल्लीत चाळीस घरं. दोनदा कागद परत आला, शेरा काय तर घर बंद. दोन तारखा वाया. तिसऱ्यांदा मी मेस शेजारणीवर टाकून नाझर ऑफिसात जाऊन उभी राहिले आणि आवाज चढवला की कोण तो बेलीफ, त्याला घर दिसत नाही का. तर तो नव्हता, ती होती. पंचविशीतली पोरगी, पाठीला सॅक, हातात हेल्मेट.

"मावशी, घराला कुलूप असलं तर बंदच लिहिणार ना. भिंत फोडू का?"

मी म्हटलं, तो आतच असतो, पुढून कुलूप घालून मागच्या दारानं ये-जा करतो, तुला टीव्हीचा आवाज आला नाही का. ती म्हणाली, टीव्हीवर समन्स बजावता येत नाही. मग, ओरडणाऱ्या बायकांशी बोलायची सवय असल्यासारखी, सांगायला लागली. "असं करा, गुरुवारी माझ्यासंग चला. घर दाखवा, माणूस निघाला तर माणूस दाखवा. ओळखदार म्हणून तुमची सही घेते. दोन पंच बघून ठेवा. नात्यातले नकोत, तुमच्या मेसमधले पण नकोत. न्हाई उघडलं तर चिकटवते, फोटो काढते, रिपोर्ट देते." तिच्या टेबलावर मी घरून आणलेला डबा ठेवला, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, लाच नव्हे, पोरगी वाळलेली दिसली म्हणून. तिनं डबा हलकेच माझ्याकडं सरकवला. राग नका मानू म्हणाली, ज्यांचं काम असतं त्यांचं पाणीसुद्धा घेत नाही आम्ही, जुन्या लोकांनी तसंच शिकवलंय. आबा, मी डबा उचलून परत पिशवीत घातला. मग मी विचारलं, माझ्या भावाकडून तारीख म्हणून घेशील का, त्याच्या तोंडानं? तिला कळेना. मी समजावलं. तिनं हसून फाइल मिटली. "रिपोर्टात तसा रकाना न्हाई, मावशी. सही, नकार, न्हाईतर चिकटवलं. तीनच." आणि चिकटवतात कशानं, तर सेलोटेपनं.

नकलांची झेरॉक्स काढायला कोर्टासमोरच्या दुकानात गेले. तिथं मशीनच्या बाजूला एक म्हातारा खुर्चीत बसलेला, दुकान त्याच्या मुलाचं. मी मुलाला म्हणत होते की पान वाकडं आलंय, दुसरं काढ. म्हातारा म्हणाला, तू बेलिफाची पोरगी ना, तोंड नाही ओळखलं, आवाज ओळखला. तो तुमच्या वेळचा शिपाई, व्हरांड्यात उभं राहून नावांचा पुकारा करायचा तो. मला म्हणाला बस. मी म्हटलं वेळ नाही. तो म्हणाला, तवा बी तुला वेळ नव्हता. मग बसले.

त्यानं सांगितलं ते मी तुम्हालाच सांगते, बघा खरं आहे का. दिरानं दाव्यात माझा पत्ता कोरेगावच्या घराचा टाकला होता. कागद तिकडं गेला असता, दिरानं सांगितलं असतं ती घरात नाही, तिथल्याच दारावर चिकटला असता, आणि मला कधी कळलंच नसतं. तुम्ही तो नाझराच्या टेबलावर पाहिलात आणि सांगितलंत की ही बाई तिथं राहत नाही, माझ्या घरी राहते. नाझर म्हणाले, मग दुसऱ्या कुणाला पाठवतो, नात्यातलं तुम्ही करू नका. म्हातारा म्हणाला, "तुझे आबा हट्टालाच पेटले. म्हणाले, दुसऱ्याला ती दारात उभं करणार न्हाई. माझ्यावर निदान ओरडंल. ओरडली म्हंजी ऐकलं."

आणि मग त्या तारखेचं. पुकारा म्हाताऱ्याचं काम, पण त्या दिवशी तुम्ही त्याला बाजूला केलंत. माझं नाव घेतलंत, सासरच्या आडनावासकट. तीनदा करतात, तुम्ही पाच-सहा वेळा केलात. मग पायऱ्या उतरून गेटपाशी गेलात आणि रस्त्याकडं तोंड करून पुकारा केलात. रिक्षावाले हसायला लागले. आतून जज्जसाहेब म्हणाले, पुरे, तरी तुम्ही आणखी एकदा केलात. घर तिथून चालत दहा मिनिटांवर. तेवढ्या लांब माणसाचा आवाज जात नाही, हे तुम्हाला कळत नव्हतं का? निकालानंतर दौंडला बदली तुम्हीच मागून घेतलीत, तेवढं माझं बरोबर होतं. कारण माझं चुकलं. म्हातारा म्हणाला, मी विचारलं त्यांना, एवढ्या लांब कशाला जाता रोजचं. तर म्हणाले, "या व्हरांड्यात माझा आवाज लागत न्हाई आता."

मी झेरॉक्सचे कागद तिथंच विसरून आले. दुकानातल्या पोराला माझ्या मागं पळावं लागलं.

आता ऐका मला काय छळतंय. वकील म्हणतो, गुरुवारी चिकटवून घ्या, तो चिडका माणूस आहे, कागद फाडून टाकेल, तारखेला येणार नाही, एकतर्फी घेऊन टाकू, तुम्ही सहा महिन्यांत मोकळ्या. खरंय. धाकट्याला मी वाढवलंय, मला माहीत आहे तो काय करेल. मी केलं तेच करेल. ओला असतानाच ओरबाडेल, सेलोटेप असली तर नखानं उचकटेल. आणि मला फक्त गप्प राहायचंय. दार दाखवायचं, सही करायची, मेसवर परत यायचं. माझा हक्क आहे आणि तो मला मिळेल. पण तो तारखेला आला तर बोलेल. तो म्हणेल, आबा पहाटेच्या एसटीनं जायचे तेव्हा त्यांची भाकरी मी केली, त्यांचे पाय मी चेपले, ताई तेव्हा कुठं होती. ते खरं आहे. तो कोर्टात सगळ्यांसमोर म्हणेल आणि मला उभं राहून ऐकावं लागेल. अर्धं घर मला तरीही मिळेल, वकील म्हणतो. पण ऐकल्यावर मिळेल. न ऐकता घ्यायचं का ऐकून घ्यायचं, एवढंच आहे. मी त्या दारापुढं उभं राहून त्याला नावानं हाक मारू का, आतून तारीख म्हणून दाखवेपर्यंत हलणार नाही म्हणून सांगू का? बेलीफ पोरगी हसेल. पंच पायाकडं बघतील. आणि तो आतून शिव्या घालेल, पण शिव्या घातल्या म्हणजे ऐकलं, नाही का?

हा कागद मी कुठं टाकणार नाही. शिरूरला तुमच्या कबरीवर ठेवला तर शेळ्या खातील, आणि पाळकसाहेबांच्या हाती लागला तर ते रविवारी प्रार्थनेत घेतील. पिठाच्या डब्यामागं राहील. म्हणून एक लिहून टाकते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी तो कागद फाडला, पण वाचून फाडला. तिसरीपर्यंत गेले होते, आकडे मला येत होते. तुम्ही "तारीख वाच" म्हणालात आणि वळलात, पण पूर्ण वळला नाहीत, तुमचा अर्धा चेहरा माझ्याकडं होता. मला मनात वाचता येत नाही, अजूनही येत नाही, ओठ हलतात. तुम्ही माझे ओठ हललेले बघितलेत. तारीख बरोबर म्हणाले मी, वारासकट. म्हणून तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. तुमच्या हिशेबानं बजावणी झाली होती. आणि त्या दिवशी, जेव्हा तुम्ही गेटपाशी उभे होतात, मी घड्याळासमोर बसून मिरच्यांची देठं काढत होते, अकरा वाजले, साडेअकरा वाजले, बारा वाजले, आणि मी उठले नाही. आवाज जात नाही तेवढ्या लांब. पण मला माहीत होतं तुम्ही तिथं आहात.

सेलोटेप वाऱ्यानं निघते. मी मैदा काढून ठेवलाय, बुधवारी खळ शिजवीन, गुठळी राहू देणार नाही. मोरचूद टाकायचं काम तुमचं होतं. गुरुवारी सकाळी अकराला ती पोरगी मला घराच्या कोपऱ्यावर भेटणार आहे. दार दाखवून गप्प उभं राहू का हाक मारू, ते मला बुधवारी संध्याकाळी मेसची शेवटची पंगत उठायच्या आत सांगा.